लेबनॉनची पंगत आणि परका पाहुणा

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लेबनॉन नांवाचा एक चिमुकला देश आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें १०,४५२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एकट्या पुणें जिल्ह्याहूनहि तो लहान. इ. स. २०१० च्या मे महिन्यांत तेथील बल्लवाचार्यांनीं एकत्र जमून एका प्रचंड थाळींत हुम्मुस नांवाचा पदार्थ केला आणि त्याचें वजन बरोबर १०,४५२ किलो भरविलें. देशाची जितके चौरस किलोमीटर भूमि, तितके किलो हुम्मुस! हा पदार्थ मूळचा कोणाचा, असा जो वाद शेजारच्या इस्राएलशीं चालला होता, त्याला दिलेलें हें उत्तर होतें. त्या वादाचा निकाल आपण येथें बसून लावण्याचें कारण नाहीं. परंतु जे लोक आपल्या देशाचें माप पदार्थाच्या वजनांत मोजून दाखवितात, त्यांना आपल्या अन्नाविषयीं केवढा अभिमान असला पाहिजे, हें त्यावरून सहज ध्यानांत येईल. अशा देशांत आपल्यापैकीं कोणी प्रवासास गेला तर त्याच्या पुढें काय येतें, तें कसें खावें, शाकाहारी माणसाची तेथें सोय कशी लागते आणि त्या भरलेल्या टेबलाच्या मागें कोणती आठवण उभी आहे, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम भाकरीची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण तेथील जेवणांत ती पदार्थहि आहे आणि साधनहि आहे. 'खुब्झ' ही गव्हाची पातळ, वाटोळी, पोटांत पोकळी असलेली भाकरी टेबलावर सर्वांच्या आधीं येते आणि सर्वांच्या शेवटीं उठते. तिचा तुकडा मोडावा, तो बोटांनीं दुमडून त्याचीच पळी करावी आणि त्या पळीनें वाटींतलें कालवण उचलावें, ही रीत मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. युरोपांतला प्रवासी कांटा आणि चमचा शोधीत असतो, तोंवर आपला माणूस दुसऱ्या घासाला लागलेला असतो. मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. आपल्याकडे प्रत्येकाचें ताट वेगळें. तेथें मधल्या वाट्या सर्वांच्या मिळून असतात. म्हणून एकदां तोंडाला लागलेला तुकडा पुन्हा वाटींत बुडवूं नये. उष्ट्याचा विचार तेथें आपल्याइतका कडक नसला तरी चांगल्या घरांतून एवढी शिस्त पाळतात.

दिवसाचा आरंभ होतो तो गल्लींतल्या भट्टीवर. या भट्टीला 'फुर्न' म्हणतात. पूर्वीं घरोघरच्या बायका पहांटे कणीक मळून येथें भाजावयास आणीत. आतां बहुतेक लोक तयार भाजलेलेंच विकत घेतात. येथें जो पदार्थ मिळतो त्याचें नांव 'मनऊशे'. सपाट थापलेल्या कणकेच्या चकतीवर झातर नांवाचें मिश्रण ऑलिव्हच्या तेलांत कालवून पसरावयाचें आणि ती चकती भट्टींत सारावयाची. झातर ही मूळ एक डोंगरी वनस्पति असून तिचा वास आपल्या ओव्याशीं दूरचें नातें सांगतो. ती वाळवून तिच्यांत भाजलेले तीळ, मीठ आणि सुमाक नांवाच्या आंबट लाल फळांची पूड मिसळतात. मनऊशे हें नांव ज्या अरबी धातूपासून आलें त्याच धातूपासून आपला 'नक्षी' हा शब्द आला आहे. कणकेवर बोटांच्या अग्रांनीं ज्या खळ्या पाडतात, तीच ही नक्षी. इ. स. २०२३ मध्यें युनेस्कोनें जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत या साध्यासुध्या न्याहारीची नोंद केली. प्रवाशानें पहिल्या सकाळीं मोठ्या हॉटेलांतली न्याहारी सोडून या भट्टीसमोर उभें राहावें. कागदांत गुंडाळलेली गरम मनऊशे हातांत घेऊन कामावर निघालेले कारकून, विद्यार्थी आणि गवंडी यांच्या रांगेंत त्याला त्या शहराचें खरें तोंड दिसेल.

न्याहारीचा दुसरा प्रकार घरगुती आहे. त्यांत 'लबने' असतें. नांव परकें वाटलें तरी वस्तु आपली परिचयाची आहे: दहीं फडक्यांत बांधून टांगून ठेवावें आणि पाणी गळून गेलें म्हणजे जो चक्का राहतो, तेंच हें लबने. आपण त्यांत साखर घालून श्रीखंडाकडे वळतों. ते लोक मीठ घालून वर ऑलिव्हचें तेल ओततात आणि काकडी, पुदिना व ऑलिव्हचीं फळें यांबरोबर तें खातात. एकाच फडक्यांतून निघालेल्या या दोन वाटा पाहून गृहिणींना मौज वाटल्यावांचून राहणार नाहीं.

दुपारचें जेवण हें तेथील मुख्य जेवण. तें दोनच्या सुमारास सुरू होतें आणि रविवारीं तर केव्हां संपेल याचा नेम नसतो. या जेवणाचा थाट 'मेझ्झे' या नांवानें प्रसिद्ध आहे. लहान लहान बशांतून अनेक पदार्थ टेबलावर मांडावयाचे आणि बोलतां बोलतां, हळूहळू, सर्वांनीं मिळून ते खावयाचे, ही मेझ्झेची पद्धति. बैरूतहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, बेकाच्या खोऱ्याच्या कडेला झहले नांवाचें गांव आहे. तेथें बर्दौनी नदीच्या कांठीं उपाहारगृहांची ओळच लागलेली असून मेझ्झेचें माहेरघर म्हणून त्या गांवाची ख्याति आहे. इ. स. २०१३ मध्यें युनेस्कोनें झहलेला पाककलेचें सर्जनशील नगर हा मान दिला.

मेझ्झेंतले मुख्य पदार्थ ओळखून ठेवणें बरें. काबुली हरभरे मऊ शिजवून, वाटून, त्यांत तिळाचा गंध, लिंबू आणि लसूण घातली कीं हुम्मुस होतें. वांगें विस्तवावर भाजून, सोलून, त्याच तिळाच्या गंधांत मिसळलें कीं 'मुतब्बल' होतें. आपल्या भरताचें तें चुलत भावंडच होय. 'तब्बूले' ही पार्स्लीच्या पाल्याची कोशिंबीर. परदेशांतल्या पुष्कळ उपाहारगृहांतून तिच्यांत गहू फार आणि पाला नांवापुरता असतो. लेबनॉनमध्यें प्रमाण नेमकें उलटें आहे: बारीक चिरलेली पार्स्ली भरपूर, थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा आणि लिंबू, आणि गहू केवळ चिमूटभर. हा गहू म्हणजे 'बुर्गुल'. तो उकडून, वाळवून मग भरडलेला असतो, म्हणून तो नुसता भिजविला तरी चालतो. 'फत्तूश' या दुसऱ्या कोशिंबिरींत शिळ्या भाकरीचे खरपूस तुकडे आणि सुमाक घालतात; शिळी पोळी वांया जाऊं न देण्याची ही युक्ति आपल्या फोडणीच्या पोळीची आठवण करून देते. मांसाहारी मंडळींसाठीं 'किब्बे' हा राष्ट्रीय पदार्थ आहे. मांस आणि बुर्गुल दगडी उखळांत एकजीव होईपर्यंत कांडून त्याचे वडे तळतात किंवा थापून भाजतात. तो कच्चाहि खातात. परंतु नवख्या प्रवाशानें ज्या घराची वा उपाहारगृहाची खात्री आहे तेथेंच तें धाडस करावें. पाणी बाटलींतलें प्यावें आणि कच्च्या पाल्याच्या कोशिंबिरी जेथें गर्दी आहे, माल रोज संपतो, अशा ठिकाणीं खाव्यात.

मागणी करतांना एका गोष्टीची सावधगिरी बाळगावी. गार पदार्थ आधीं येतात, मागाहून गरम, त्यानंतर निखाऱ्यावर भाजलेलें मांस, मग फळें आणि शेवटीं कॉफी. ज्याला हा क्रम ठाऊक नाहीं तो पहिल्या बशांवरच तुटून पडतो आणि खरें जेवण येईपर्यंत त्याची भूक आटोपलेली असते. शिवाय चार माणसांनीं पंधरा बशा मागवूं नयेत. आधीं पांच-सहा मागवाव्यात. लागतील तशा आणखी मागवितां येतात. मेझ्झेबरोबर द्राक्षांपासून काढलेलें व बडिशेपेसारख्या वासाचें 'अरक' नांवाचें मद्य घेण्याची पुष्कळांची चाल आहे. पाणी पडतांच तें दुधासारखें पांढरें होतें. न घेणाऱ्यास कोणी आग्रह करीत नाहीं. लेबनॉनमध्यें कायद्यानें मान्य असे अठरा धर्मपंथ आहेत. एकाच टेबलावर एकानें घ्यावें आणि दुसऱ्यानें घेऊं नये, याची तेथें संवय आहे. रमझानच्या महिन्यांत मात्र उपवास करणाऱ्यांच्या वस्तींत दिवसां रस्त्यावर उघडपणें खाऊं नये, एवढें सौजन्य पाहुण्यानें पाळावें.

आतां आपल्यांतील शाकाहारी मंडळींच्या मनांतला प्रश्न. या देशांत आपली उपासमार तर होणार नाहीं? उलट, युरोपांतल्या अनेक देशांपेक्षां येथें त्यांची सोय अधिक चांगली लागते आणि तिचें कारण मोठें मननीय आहे. ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचा उपवासकाल असतो. त्या दिवसांत मांस वर्ज्य, आणि जुन्या रिवाजाप्रमाणें दूधदुभतेंहि वर्ज्य. त्यामुळें नुसत्या ऑलिव्हच्या तेलांत शिजविलेल्या भाज्या व कडधान्यें यांचा स्वतंत्र स्वयंपाकच तेथें तयार झाला. त्याला 'बि-झेत', म्हणजे तेलांतलें, असें म्हणतात. फरसबी, भेंडी, कडू पालेभाजी या सर्व बि-झेत मिळतात. मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तळलेला कांदा घातलेली 'मुजद्दरा' ही तर खिचडीची सख्खी बहीण शोभेल. गरिबाच्या घरीं ती नित्याची, श्रीमंताच्या घरीं उपवासाची. मांसाऐवजीं भोपळा घालून केलेली किब्बे असते. द्राक्षाच्या पानांत तांदूळ व भाजी भरून केलेल्या वळकट्यांना तर 'यलंजी' असें तुर्की नांव पडलें आहे. त्याचा अर्थ खोटारडी; कारण मांस असल्याचा आव आणून आंत मांस नाहीं!

तथापि केवळ दिसण्यावर विसंबूं नये. मसुराचें सार कधीं मांसाच्या पाण्यांत शिजवितात, आणि हुम्मुसवर मांसाचे तुकडे पसरण्याचीहि रीत आहे. म्हणून मागणी करतांना 'बला लहमे', म्हणजे मांसावांचून, असें म्हणावें. तेवढ्यानें भागत नाहीं. कारण 'लहमे' म्हणतांना पुष्कळांच्या मनांत फक्त बकऱ्याचें वा गाईचें मांस असतें. कोंबडी आणि मासळी यांचा निषेध वेगळा सांगावा लागतो. एवढें सांगितलें कीं वाढणारा स्वतःच आठ-दहा नांवें मोजून दाखवितो.

गोडाचें प्रकरण निराळेंच विस्तारानें सांगण्याजोगें आहे. उत्तरेकडील त्रिपोली हें मिठायांचें शहर. आपला 'हलवा' हा शब्दहि गोड या अर्थाच्या अरबी शब्दापासूनच आला. परंतु गोड पदार्थांतला एक प्रकार विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तांदळाची पिठी, शहाजिरें, बडिशेप आणि दालचिनी यांची दाट खीर शिजवून तिच्यावर सुका मेवा पसरतात. तिला 'मेघली' म्हणतात. घरांत मूल जन्मास आलें कीं भेटीस येणाऱ्यांना ती वाटतात. आणि ख्रिस्ती घरांतून नाताळांत, येशूच्या जन्माच्या आनंदाप्रीत्यर्थ, हीच खीर होते. रामजन्माचा सुंठवडा ज्यांनीं हातावर घेतला आहे, त्यांना या चालीचा भावार्थ समजावून सांगावयास नको. जेवणानंतर कॉफी येते; ती लहान पेल्यांत, दाट आणि पुष्कळदां वेलदोड्याच्या वासाची असते. ज्याला कॉफी नको त्यानें 'पांढरी कॉफी' मागावी. तिच्यांत कॉफी मुळींच नसते. उकळत्या पाण्यांत नारिंगाच्या फुलांचा अर्क घातलेला असतो.

कांहीं शब्द प्रवाशानें पाठ करून जावे. 'तफद्दल' म्हणजे या, बसा, घ्या. जेवणाऱ्याला 'सहतैन' म्हणतात. त्याचा अर्थ तुम्हांस दुप्पट आरोग्य लाभो. त्याला उत्तर 'अला अल्बक', म्हणजे तें तुमच्या हृदयास लागो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'यिस्लमू इदेकी', तुमचे हात सुखरूप राहोत, असें म्हटलें कीं तिचा चेहरा उजळतो. देयक मागण्यासाठीं तर नवा शब्द शिकावयासच नको. तेथेंहि तो 'हिसाब'च आहे! मात्र कोणा स्थानिक स्नेह्याबरोबर जेवावयास गेलांत तर हा हिशेब आपल्या हातीं लागणें कठीण. आग्रह धरणें शिष्टाचाराचें आहे, भांडण करणें नव्हे. दुसऱ्या दिवशीं मिठाईची पेटी घेऊन त्याच्या घरीं जावें, हा उत्तम मार्ग होय.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं हा देश म्हणजे अन्नपूर्णेचें माहेर. परंतु हीच माणसें पाहुण्यासमोर इतकें कां मांडतात, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत, इ. स. १९१५ ते १९१८ या काळांत, लेबनॉनच्या डोंगराळ भागांत भयंकर दुष्काळ पडला. मित्रराष्ट्रांच्या आरमारानें किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. तुर्की सैन्यासाठीं धान्य व जनावरें ओढून नेलीं जात होतीं. साठेबाजांनीं भाव चढविले. आणि १९१५ मध्यें टोळधाड आली. त्या डोंगरांतले सुमारे एक तृतीयांश लोक भुकेनें व रोगानें मेले, असा अंदाज आहे. जे आधींच अमेरिका खंडांत गेले होते त्यांच्या वंशजांनीं आपलें अन्न तिकडे रुजविलें. आज ब्राझीलमध्यें किब्बे रस्तोरस्तीं विकली जाते. जे मागें राहिले त्यांनीं 'मूने' अधिकच जपली. मूने म्हणजे आपली बेगमी. उन्हाळ्यांत झातर वाळवावयाचा, बुर्गुल करून ठेवावयाचा, दहीं आणि बुर्गुल आंबवून, वाळवून 'किश्क' नांवाची पूड करावयाची, ऑलिव्ह मुरवावयाचे, आणि बर्फाच्या महिन्यांत त्यावर घर चालवावयाचें. गच्चीवर कुरडया-सांडगे वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांना हा व्यवहार तंतोतंत ओळखतां आला असता.

भुकेची भीति त्या देशाला पुन्हा पाहावी लागली. १९९७ पासून एका अमेरिकन डॉलरला सुमारे १,५०७ लेबनीज पौंड हा भाव स्थिर होता. इ. स. २०१९ मध्यें ती व्यवस्था कोसळली. लोकांच्या ठेवी बँकांत अडकल्या, आणि २०२४ पर्यंत डॉलरचा भाव ८९,५०० पौंडांवर गेला. ज्या शिक्षकाचा वा कारकुनाचा पगार पौंडांत होता त्याच्या घरांतून मांस आणि चीज हळूहळू नाहींसें झालें. त्यांतच ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूत बंदरांत साठविलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेंहून अधिक माणसें मेलीं आणि देशाचें मोठें धान्यकोठार उद्ध्वस्त झालें. २०२२ मध्यें युक्रेनमध्यें युद्ध सुरू होतांच गव्हाचा मुख्य पुरवठाहि धोक्यांत आला आणि भाकरीसाठीं भट्ट्यांसमोर रांगा लागल्या. पुढें २०२३ आणि २०२४ सालच्या युद्धांत दक्षिणेकडील शेतें व ऑलिव्हच्या बागा यांचा नाश झाला. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वीं आपल्या सरकारची सूचना पाहून मगच बेत पक्का करावा.

या सर्व आपत्तींत तेथील स्वयंपाकघर थांबलें नाहीं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इ. स. २००४ मध्यें कमाल मुझवक यांनीं बैरूतमध्यें 'सूक अल-तय्यिब' हा शेतकऱ्यांचा बाजार सुरू केला. ज्या गांवांनीं यादवी युद्धांत एकमेकांवर शस्त्रें धरलीं होतीं, त्या गांवांचे शेतकरी येथें शेजारीं शेजारीं आपला माल विकूं लागले. पुढें २००९ मध्यें त्यांनींच 'तावलेत', म्हणजे टेबल, या नांवाचें भोजनगृह काढलें. तेथें निरनिराळ्या खेड्यांतल्या बाया येऊन आपापल्या गांवचें जेवण रांधतात. बंदराच्या स्फोटांत त्या भोजनगृहाची पडझड झाली. तरी त्याच मंडळींनीं संकटग्रस्तांसाठीं सार्वजनिक स्वयंपाकघर उघडलें.

यावरून प्रवाशाचें कर्तव्य आपोआप स्पष्ट होतें. परक्या चलनाचा आधार असलेल्या पाहुण्याला आज तेथें जें स्वस्त वाटतें, तें शेजारच्या टेबलावरील माणसाला कदाचित् परवडत नसेल. म्हणून घासाघीस बाजारांतल्या गालिच्यापुरती ठेवावी. भाकरीवर करूं नये. जेवण झाल्यावर वाढणाऱ्यास हातीं कांहीं द्यावें. मोठ्या हॉटेलाबरोबरच गल्लींतली भट्टी आणि खेड्यांतल्या बाईचा स्वयंपाक यांनाहि आपला पैसा पोंचावा. परततांना झातर, सुमाक अथवा मुरांब्याची बरणी शेतकऱ्याकडूनच विकत घ्यावी. आणि बशींत उरलेलें अन्न बांधून देण्यास सांगण्याची लाज बाळगूं नये. ज्यांच्या पणज्यांनीं दुष्काळ पाहिला, त्यांना त्यांत कांहींच गैर वाटत नाहीं.

कॉफीचा पेला रिकामा करून खालीं ठेवतांना तेथील पाहुणा यजमानाला 'दाइमे' म्हणतो. आपल्या घरीं हें असेंच नेहमीं चालत राहो, एवढाच त्याचा अर्थ. लेबनॉनच्या पंगतीवरून उठतांना मराठी पाहुण्यानेंहि तो शब्द अवश्य उच्चारावा, आणि उच्चारतांना त्याचा अर्थ मनांत धरावा.